तोंडचा शब्द आणि बीजगणिताची मांडणी

गेल्या रब्बीच्या हंगामांत शेजारच्या गांवीं दोघां भावांच्या वांटणीचा एक वाद आमच्या पाहण्यांत आला. जमीन एकंदर २० एकर, सलग व एकाच प्रतीची. वडिलांनीं मृत्यूपूर्वीं चार माणसांदेखत सांगून ठेविलें होतें कीं, थोरल्यानें घरचें कर्ज फेडलें आहे, सबब त्याला दीडपट जमीन द्यावी. हे शब्द दोघांसही कबूल होते. थोरल्याला अधिक मिळावी याविषयीं धाकट्याची तक्रार नव्हती. तथापि कागद करण्याची वेळ आली तेव्हां एकाच शब्दांतून तीन हिशेब निघाले. थोरल्याच्या वतीनें ज्यानें मसुदा केला त्यानें 'धाकट्यापेक्षां दीडपट अधिक' असें लिहून थोरल्यास १४ एकर ११ गुंठे आणि धाकट्यास ५ एकर २९ गुंठे असे आंकडे काढले. धाकट्याच्या सासऱ्यांनीं 'धाकट्याच्या दीडपट' असें धरून १२ व ८ एकर अशी वांटणी सांगितली. गांवांतील एका निःपक्षपाती गृहस्थांस मध्यस्थ नेमलें, तर त्यांनीं निम्मी जमीन १० एकर, तिची दीडपट १५, बाकी ५ एकर धाकट्याची, असा निकाल दिला! म्हणजे ज्याचा कोणाशींच लागाबांधा नव्हता त्याच्याच हिशेबांत धाकट्याचें सर्वांत अधिक नुकसान झालें.

आम्हीं तिघांचेही कागद पाहिले. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, बेरीज वीसच्या वीस. चूक जी होती ती आंकडेमोडीच्या आधींची होती. तोंडचा शब्द कागदावर उतरवितांना प्रत्येकानें त्याचा निराळा अर्थ केला होता, आणि तो अर्थ केला आहे हें त्याचें त्यालाच कळलें नव्हतें. धाकट्याची जमीन क्ष एकर मानली, तर तिघांच्या मनांत काय होतें तें असें दिसतें :

पहिला : क्ष + (क्ष + १½ क्ष) = २०, म्हणजे ३½ क्ष = २०.

दुसरा : क्ष + १½ क्ष = २०, म्हणजे २½ क्ष = २०.

तिसरा : २० − क्ष = १½ × १०.

या तीन ओळी एकाखालीं एक लिहून दाखवितांच दोघेही भाऊ गप्प झाले. 'दीडपट' म्हटलें कीं 'कशाच्या?' हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि वडिलांच्या वाक्यांत त्याचें उत्तर नव्हतें. तें उत्तर शेवटीं त्यांच्या आईनें दिलें. वडिलांनीं आजारी पडण्यापूर्वीं एक दगडी बांध दाखवून 'याच्या खालचें धाकट्याचें' असें तिला म्हटलें होतें. बांधाखालची जमीन मोजली ती आठ एकरांस दोन गुंठे कमी भरली. दुसरी ओळ कायम झाली.

असे प्रसंग ज्यांच्यावर आले नाहींत असे जमीनदार थोडेच असतील. बीजगणित म्हणजे शाळेंत परीक्षेपुरतें शिकावयाचें व पुढें विसरावयाचें शास्त्र, असा आपल्यांतील बहुतेकांचा समज आहे. आमच्या मतें शेतकऱ्यास त्यांतील सूत्रें व अवयव पाडण्याचे प्रकार फारसे लागत नाहींत. परंतु त्याचा पहिला पाठ, म्हणजे बोललेलें वाक्य अक्षरांत व चिन्हांत मांडणें, हा मात्र त्याच्या रोजच्या उपयोगाचा आहे.

आणि हें शास्त्र आपणांस परकें नाहीं. भास्कराचार्यांनीं लीलावती व बीजगणित हे ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमारास रचिले. चाळीसगांवाजवळील पाटण येथें त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून चांगदेवानें तेथें मठ स्थापिला, आणि त्या मठास बाजारांतील मालावरचें उत्पन्न लावून दिल्याचा मजकूर त्या लेखांत जुन्या मराठींत आहे. भास्कराचार्य अव्यक्त, म्हणजे न कळलेल्या, संख्येस 'यावत्तावत्' म्हणत. जेवढें असेल तेवढें, असा त्या शब्दाचा अर्थ. एकाहून अधिक अव्यक्त असतील तर कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें देऊन त्यांचीं पहिलीं अक्षरें लिहीत. आपण क्ष व य लिहितों, एवढाच फरक.

त्यांच्या बीजगणितांतील एक उदाहरण आम्हांस फार आवडतें. एकापाशीं सहा घोडे आणि रोख तीनशें. दुसऱ्यापाशीं दहा घोडे, पण शंभराचें कर्ज. घोडे सर्व सारख्या किंमतीचे आणि दोघांची मालमत्ता सारखी. तर घोड्याची किंमत काय? येथें घोड्याची किंमत क्ष मानिली कीं वाक्याचा एकेक शब्द जागेवर बसतो. 'आणि रोख' म्हणजे अधिक, 'कर्ज' म्हणजे उणें, 'सारखी' म्हणजे बरोबरीचें चिन्ह.

६ क्ष + ३०० = १० क्ष − १००

यावरून ४ क्ष = ४००, क्ष = १००. आजही मराठी शाळांत अधिक संख्येस धन व उण्या संख्येस ऋण म्हणतात; हीं नांवें सावकारीच्या वहींतलींच आहेत. ज्याच्या डोक्यावर ऋण आहे त्याला उणें चिन्ह कशाला म्हणतात हें समजावून सांगावें लागत नाहीं.

समीकरण मांडतांना प्रथम शोधावयाचा तो शब्द बरोबरीचा. आपल्या बोलण्यांत तो नाना रूपांनीं येतो : 'भरलें', 'झालें', 'उरलें', 'तितकेंच', 'मिळून', 'फिटलें'. तो सांपडला कीं वाक्याचे दोन भाग पडतात आणि मग एकेक भाग निवांतपणें लिहितां येतो. ज्या वाक्यांत असा शब्दच नाहीं त्याचें समीकरण होत नाहीं. 'यंदा माल जरा बेताचाच आला' यांत मांडण्यासारखें कांहीं नाहीं. व्यापाऱ्याचें 'भाव बरा देऊं' हेंही त्याच जातीचें.

आपली भाषा या कामीं कमी नाहीं, उलट कांहीं बाबतींत फार नेटकी आहे. 'पाउणेदोन' म्हणजे २ − ¼, 'सव्वादोन' म्हणजे २ + ¼, 'साडेतीन' म्हणजे ३ + ½. यापुढची गंमत अशी कीं 'पाउणेदोनशें' म्हटलें तर २०० मधून पाव वजा करावयाचा नसतो. (२ − ¼) × १०० असा कंस मनांत आपोआप पडतो आणि लहान मूलसुद्धां १७५ म्हणतें. हा कंस ज्यास कळतो त्यास बीजगणितांतील कंसाची भीति वाटण्याचें कारण नाहीं. तसेंच 'क्ष पेक्षां पांच कमी' हें वाक्य ज्या क्रमानें बोलतों त्याच क्रमानें क्ष − ५ असें लिहितां येतें. इंग्रजींत पांच आधीं व क्ष मागून येतो, म्हणून तिकडील मुलें तें उलटें लिहितात. ही अडचण आपणांस नाहीं.

मात्र दुसरी एक आहे, आणि तींत चांगले शिकलेले लोकही फसतात. हळदीचें उदाहरण घेऊं. ओली हळद शिजवून वाळविली म्हणजे सुमारें पांचांत एक या मानानें सुकी हळद हातीं येते. हें समीकरणांत लिहा म्हटलें तर दहांपैकीं कित्येकजण असें लिहितील :

५ ओ = सु

पांच ओली बरोबर एक सुकी, असें तें वाचावयास अगदीं बरोबर वाटतें. पण आंकडे घालून पाहावें. ओली हळद १०० क्विंटल असेल तर या समीकरणाप्रमाणें सुकी ५०० क्विंटल व्हावी! खरें समीकरण ओ = ५ सु हें आहे. चूक होण्याचें कारण असें कीं लिहिणारा 'ओ' म्हणजे 'ओली हळद' समजतो. अक्षर हें वस्तूचें नांव नव्हे, तें संख्येचें नांव आहे. ओ म्हणजे ओली हळद किती क्विंटल ती संख्या. ओल्या हळदीचे क्विंटल अधिक, म्हणून सुक्याच्या क्विंटलांस पांचानें गुणिलें तरच दोन्ही बाजू सारख्या होतात. म्हणून कागदाच्या माथ्यावर 'क्ष = धाकट्याच्या जमिनीचे एकर' किंवा 'ओ = ओल्या हळदीचे क्विंटल' अशी एक ओळ, मापासह, आधीं लिहावी. ही ओळ लिहिण्याचा कंटाळा फार महाग पडतो.

मापाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. एकरी व हेक्टरी यांची गल्लत अजून मोडली नाहीं. हेक्टर म्हणजे जवळजवळ २½ एकर. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी बहुधा हेक्टरी असतात आणि आपला हिशेब एकरी असतो. हेक्टरी मात्रा एकरास घातल्यामुळें पीक माजून लोळलेलें आम्हीं स्वतःच्या शेतांत एकदां पाहिलें आहे. तो दोष आमचाच होता.

आतां बटाईचा हिशेब पाहूं. यांत शब्दांचा क्रम महत्त्वाचा. समजा, बटाईदारानें बियाण्याकरितां कांहीं क्विंटल भुईमूग सवाईनें काढला. खळ्यावर पीक ४१ क्विंटल आलें. करार असा कीं, बियाण्याची फेड करून उरलेल्याचें निम्मे मालकास द्यावें. बटाईदाराच्या घरीं १८ क्विंटल आले; तर बियाणें किती काढलें होतें? बियाणें क्ष क्विंटल मानिलें म्हणजे :

½ × (४१ − १¼ क्ष) = १८

४१ − १¼ क्ष = ३६, म्हणून १¼ क्ष = ५ आणि क्ष = ४. चार क्विंटल बियाणें काढलें व पांच फेडले. आतां तेच शब्द थोडे फिरवा : 'निम्मे मालकास देऊन उरलेल्यांतून बियाण्याची फेड करावी.' तेंच पीक, तेंच बियाणें, पण मांडणी अशी होते :

½ × ४१ − ५ = १५½

अडीच क्विंटल बटाईदाराच्या घरचे गेले. पहिल्या करारांत बियाण्याचा खर्च दोघांच्या माथीं पडतो, दुसऱ्यांत एकट्या बटाईदाराच्या. कोणता करार न्याय्य हा प्रश्न येथें आमचा नाहीं. रूढि ठिकठिकाणीं निरनिराळी आहे. परंतु 'उरलेलें' हा शब्द कशांतून काय वजा झाल्यावर उरलेलें, हें ठरविल्यावांचून खळें मळूं नये.

सवाईचाच धागा पुढें नेला पाहिजे, कारण कुणब्याचें घर बुडण्याचा मार्ग पूर्वीं बहुधा येथूनच जात असे. पेरणीच्या वेळीं काढलेलें धान्य सुगीस सव्वापट द्यावयाचें, ही सवाई. दीडपट द्यावयाचें, ही दिढी. सवाई ऐकावयास थोडी वाटते. पण पाव भाग हा सुमारें सहा महिन्यांचा असतो, म्हणून वर्षाच्या मानानें तो शेंकडा ५० पडतो. आणि एक हंगाम फेड चुकली कीं सव्वापट झालेलें धान्यच नवें मुद्दल म्हणून मांडलें जातें. लोक हिशेब करतात तो असा : एक सवाई म्हणजे पाव वाढला, चार सवाया म्हणजे चार पाव वाढले, म्हणजे दुप्पट झाले. सोळा मणांचे बत्तीस. वहींत मात्र वाढत जातें तें असें :

१६, २०, २५, ३१¼, ३९ १/१६

कारण मांडणी क्ष + ४ × ¼ क्ष अशी नसून क्ष × १¼ × १¼ × १¼ × १¼ अशी आहे. बत्तीस आणि एकोणचाळीस यांमधील सात मण कोणीं चोरले नाहींत. 'वर पाव' हा पाव प्रत्येक खेपेस कशाचा, एवढेंच ऋणकोनें विचारलें नव्हतें.

मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणबी उठले आणि पुढें तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हां त्यांनीं विशेषेंकरून सावकारांचे दस्तऐवज हस्तगत करून जाळले. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देण्याचा जो कायदा झाला, त्यांत न्यायाधीशानें रोख्यावरचा आंकडा तसाच न मानतां व्यवहार मुळापासून तपासावा अशी तजवीज केली होती. म्हणजे न्यायाधीशानें करावयाचें काम हेंच कीं, अखेरचा आंकडा मोडून मूळचा क्ष किती होता तें शोधून काढावें. दामदुपटीचा जुना नियमही एका ओळींत मांडतां येतो. रोख कर्जावर एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक नसावें, असा तो आहे. मुद्दल म आणि व्याज व्या मानलें तर

व्या ≤ म

येथें बरोबरीचें चिन्ह एकटें नाहीं. 'याहून अधिक नाहीं' या शब्दांस तें निराळें चिन्ह आहे. मनुस्मृतींत धान्याच्या कर्जास याहून मोठी मर्यादा सांगितली आहे, हें धान्य काढणाऱ्यानें लक्षांत ठेवण्यासारखें.

शेंकडेवारीविषयीं दोनच शब्द. भाव शेंकडा २० नीं उतरला व पुढें शेंकडा २० नींच चढला तर तो पूर्ववत् होत नाहीं. १०० चे ८० झाले, आणि चढ ८० वर झाली, म्हणून ९६. पुन्हां प्रश्न तोच : शेंकडा वीस, पण कशाचे?

एका अक्षरानें भागत नाहीं अशा हिशेबाचें उदाहरण म्हणून खतांकडे येऊं. एकापेक्षां अधिक गोष्टी अज्ञात असतील तर तितकीं स्वतंत्र वाक्यें हवींत. 'तूर आणि सोयाबीन मिळून दहा एकर' एवढ्यावरून कोणतें किती हें कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. आणखी एक वाक्य हवें. खतांच्या शिफारशींत अशीं वाक्यें पुरेशीं असतात, पण तीं खतांच्या नांवांनीं नसून अन्नद्रव्यांच्या नांवांनीं असतात. हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ६० किलो पालाश अशी शिफारस असली, तर ती एकरी सुमारें ४८, २४ व २४ होते. हे ४८ म्हणजे ४८ किलो युरिया नव्हे. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें. ४८ किलो युरिया टाकणाऱ्यानें २२ किलोच नत्र दिलें, निम्म्याहून कमी. नंतर पीक पिवळें पडलें कीं बियाण्यास दोष देतात.

दुकानांत मिळणाऱ्या डीएपींत नत्र शेंकडा १८ व स्फुरद शेंकडा ४६ असतें. म्युरेट ऑफ पोटॅशमध्यें पालाश शेंकडा ६०. एका एकरास डीएपी क्ष किलो, युरिया य किलो आणि पोटॅश झ किलो लागेल असें मानूं. शिफारशीचीं तीन वाक्यें अशीं उतरतात :

स्फुरदाचें : ०.४६ क्ष = २४

नत्राचें : ०.१८ क्ष + ०.४६ य = ४८

पालाशाचें : ०.६० झ = २४

स्फुरदापासून आरंभ करावा, कारण तें एकट्या डीएपींतून यावयाचें आहे. क्ष = ५२ किलो, थोडें अधिक. एवढ्या डीएपीबरोबर ९.४ किलो नत्र आपोआप आलें. म्हणून युरियांतून आणावयाचें नत्र ३८.६ किलो आणि य = ८४ किलो. झ = ४० किलो. हें डीएपीबरोबर आलेलें नत्र पुष्कळजण विसरतात व युरिया १०४ किलो टाकतात, म्हणजे एकरामागें २० किलो विनाकारण.

उत्तर आलें म्हणजे तें मूळच्या शब्दांत परत घालून पाहावें. समीकरणांत घालून नव्हे, कारण समीकरणच चुकीचें असेल तर तें आपलेंच उत्तर खरें म्हणून दाखवील. येथें ५२ किलो डीएपीचें नत्र ९.४ आणि ८४ किलो युरियाचें ३८.६, मिळून ४८. स्फुरद ५२ चें शेंकडा ४६ म्हणजे २४ ला किंचित् कमी. पालाश ४० चें शेंकडा ६० म्हणजे २४. शिफारशीचे शब्द पुरे झाले. डीएपीचें पोतें ५० किलोचें येतें, तेव्हां एक पोतें घेऊन दोन किलोंकडे दुर्लक्ष करण्यास हरकत नाहीं. युरियाचें पोतें सध्यां ४५ किलोचें आहे, दोन घेतलीं तर सहा किलो उरतात. डीएपी व पोटॅश पेरणीच्या वेळींच द्यावें, युरिया मात्र एकदम न देतां विभागून द्यावा. आणि पोत्यांचा आंकडा लिहून ठेवावयाचा तो पोत्याच्या वजनासह, कारण जुन्या वह्यांतील 'दोन पोतीं युरिया' हे ५० किलोच्या पोत्यांचे आहेत.